‘देय’ कोणास?
अपराधपीडिताच्या हक्कासंबंधीं दोन रूढ मतांचें परीक्षण

दिनांक १ जुलै २०२४ पासून १९७३ चा फौजदारी प्रक्रियेचा कायदा जाऊन त्याच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अमलांत आली. तेव्हांपासून व्याख्यानांत व नियतकालिकांत एक विधान वारंवार ऐकूं येतें. तें असें कीं, इंग्रजी पद्धतीच्या कायद्याला सरकार व आरोपी हे दोनच पक्ष ठाऊक होते. ज्याचें घर फुटलें किंवा ज्याचा मुलगा मारला गेला तो मनुष्य केवळ एक साक्षीदार. आमच्या प्राचीनांनीं मात्र त्यालाच व्यवहाराच्या मध्यभागीं बसविलें होतें आणि नव्या संहितेनें ती प्राचीन व्यवस्था पुन्हा स्थापिली. ह्याच्या उलट दुसरें एक मत आहे. तें म्हणतें कीं, पीडिताचा हक्क ही कल्पना सर्वस्वीं अर्वाचीन असून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २९ नोव्हेंबर १९८५ रोजीं केलेल्या घोषणेंतून ती इकडे आली. स्मृतींत तिचा शोध घेणें हा केवळ देशाभिमानाचा खेळ होय.

दोन्ही मतांचे पुरस्कर्ते विद्वान् आहेत, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु पहिल्या पक्षानें स्मृतिवचनें अर्धींच वाचलीं आहेत व दुसऱ्यानें तीं वाचलींच नाहींत, असें आमचें नम्र मत झालें आहे. ज्या वाचकांचा नित्य संबंध पोथ्या व दफ्तरें ह्यांशीं आहे त्यांच्यापुढें हें परीक्षण मांडण्याचें आणखीहि एक कारण आहे. तें लेखाच्या शेवटीं सांगूं.

चोरानें नेलेलें धन

पहिल्या पक्षाचा मुख्य आधार मनूच्या आठव्या अध्यायांतील चाळिसावा श्लोक हा आहे. चोरांनीं हरण केलेलें धन राजानें सर्व वर्णांस द्यावें, असा त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ. एवढ्यावरून राजानें आपल्या तिजोरींतून प्रत्येक पीडितास भरपाई द्यावी असा मनूचा दंडक होता, असें सांगण्यांत येतें. पण श्लोकाला उत्तरार्धहि आहे, आणि तो असें सांगतो कीं, त्या धनाचा जो राजा स्वतः उपभोग घेतो त्याला चोराचें पाप लागतें. ज्या धनाचा उपभोग घेण्याचा राजाला मोह पडेल तें धन त्याच्या हातीं आलेलें असलें पाहिजे. म्हणजे येथें विधि आहे तो सांपडलेल्या चोरीच्या मालाचा. न सांपडलेल्या मालाबद्दल मनूचा हा श्लोक स्पष्टपणें कांहींच बोलत नाहीं. पूर्वार्ध तोडून उत्तरार्ध गाळणें ही रीत पाठशाळेंतील विद्यार्थ्यासहि क्षम्य नाहीं.

मग न सांपडलेल्या मालाचें काय? ह्याचें उत्तर मनूंत नसलें तरी अन्यत्र आहे, आणि म्हणूनच दुसरें मतहि टिकत नाहीं. गौतमाच्या धर्मसूत्रांत चोरांकडून जिंकून घेतलेलें द्रव्य ज्याचें त्यास पोंचवावें, न पेक्षां कोशांतून द्यावें, असा विकल्प सांगितला आहे. कौटिल्याच्या धर्मस्थीय अधिकरणाच्या सोळाव्या अध्यायांत, चोरीस गेलेली वस्तु मिळत नसेल किंवा परत आणण्यास राजा असमर्थ असेल तर त्यानें स्वतःच्या द्रव्यांतून ती भरून द्यावी, असें स्पष्ट आहे. अर्थशास्त्राची पोथी म्हैसुरास शामशास्त्री ह्यांच्या हातीं लागून १९०९ सालीं ग्रंथ छापला गेला, तोंपर्यंत हें वचन विद्वानांस जवळजवळ अज्ञातच होतें. एका हस्तलिखितानें एका प्रश्नाचें स्वरूप कसें पालटतें त्याचें हें उदाहरण संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु ह्या विषयावरील सर्वांत सूक्ष्म विचार आमच्या मतें मिताक्षरेंत आहे. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांतील छत्तिसावा श्लोक राजानें चोरहृत द्रव्य जानपदास द्यावें असें सांगून, न देईल तर ‘ज्याचें त्याचें’ पाप त्यास लागतें, अशा काहींशा संदिग्ध सर्वनामांनीं संपतो. हें पाप कोणाचें? चोराचें, कीं ज्याचें द्रव्य गेलें त्याचें? विज्ञानेश्वरानें ह्या संदिग्धतेंतून तीन पर्याय काढले आहेत. राजानें माल चोराकडून घेऊन स्वतः वापरला तर चोराचें पाप. त्यानें उपेक्षा केली तर जानपदाचें पाप. आणि प्रयत्न करूनहि माल परत आणतां आला नाहीं तर तितकें धन त्यानें आपल्या कोशांतून द्यावें. चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणींत बसून लिहिणाऱ्या ह्या टीकाकारानें अपहार, हयगय व असमर्थता हे तीन दोष वेगळे केले, आणि तिसऱ्यांत दोष मुळींच नसतांहि देणें मात्र राजाकडेच ठेवलें. दोषाशिवाय देणें हें ह्या विचाराचें मर्म होय. राजा कर घेतो तो रक्षणाच्या मोबदल्यांत; रक्षण झालें नाहीं तर मोबदल्याचा हिशेब चुकता करावा, असें त्यामागील तत्त्व आहे. हें तत्त्व १९८५ सालीं समुद्रापलीकडून आलें असें म्हणणाऱ्यांनीं मिताक्षरेचें हें एक पान वाचावें.

जखमेचा खर्च

शरीरास झालेल्या इजेविषयींहि स्मृतींत ‘समुत्थानव्यय’ असा एक पारिभाषिक शब्द आहे. जखमी मनुष्य पुन्हा उठून कामास लागेपर्यंत जो खर्च होतो तो, असा त्याचा अर्थ. मनूच्या आठव्या अध्यायांतील २८७ व्या श्लोकांत व याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांतील २२२ व्या श्लोकांत हा खर्च मारणाऱ्याकडून देवविण्यास सांगितलें आहे. दोन्ही वचनें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे एक फरक दिसतो. मनु हा खर्च किंवा सर्व दंड असा विकल्प देतो. याज्ञवल्क्य खर्च आणि शिवाय त्या कलहास सांगितलेला दंड असा समुच्चय सांगतो. ‘वा’ आणि ‘च’ ह्या दोन अव्ययांत केवढें अंतर आहे! मनूच्या वाक्यांत दंड भरला म्हणजे जखमी मनुष्य रिकाम्या हातीं घरीं जाण्याचा संभव राहतो. याज्ञवल्क्यानें ती वाट बंद केली. द्रव्याच्या नुकसानीबाबत मात्र मनु स्वतःच (८.२८८) धन्याची तुष्टि करावी व तितकेंच राजास द्यावें असें सांगून दोन्ही देणीं एकत्र ठेवतो. तेव्हां ‘स्मृतींचें मत’ असें एकवचनानें बोलणें धोक्याचें आहे. ह्या ग्रंथांत मतांचा इतिहास आहे, एक मत नाहीं.

शंभर गाईंचा धनी कोण?

इतकें पहिल्या पक्षास अनुकूल बोलून झाल्यावर त्याला प्रतिकूल असें एक प्रकरण आतां पाहूं. हें प्रकरण त्याच्या लेखनांत कोठेंहि येत नाहीं.

आपस्तंबाच्या धर्मसूत्रांत (१.९.२४) क्षत्रियाचा वध करणाऱ्यानें हजार गाई, वैश्याबद्दल शंभर व शूद्राबद्दल दहा गाई व शिवाय एक बैल ‘वैरयातना’साठीं, म्हणजे वैर फेडण्यासाठीं, द्याव्या असें सांगितलें आहे. कोणास द्याव्या हें सूत्रांत नाहीं. वैर ज्यांच्याशीं जडलें ते मृताचे आप्त, तेव्हां गाई त्यांस मिळाव्या हें शब्दाच्या अर्थावरून उघड दिसतें. ऋग्वेदांतील ‘वैरदेय’ ह्या शब्दाशीं कांहीं पाश्चात्त्य पंडितांनीं ह्याचा संबंध जोडला आहे, आणि आपस्तंबाचें भाषांतर १८७९ सालीं प्रसिद्ध करणाऱ्या ब्यूलर ह्यांनीं ह्या सूत्रांत, मनुष्यवधाबद्दल मोल घेऊन वैर मिटविण्याच्या अतिप्राचीन चालीचा अवशेष पाहिला. पण बौधायनाकडे यावें तों तेथें प्रयोजन तेंच, वैर फेडणें. संख्या तीच, हजार गाई व वर एक बैल. आणि एक नवा शब्द, ‘राज्ञे’, राजास. पुढें मनूच्या अकराव्या अध्यायांत त्याच गाई प्रायश्चित्ताच्या प्रकरणांत आल्या आहेत. तेथें वैराचें नांव उरलें नाहीं व गाई ब्राह्मणांस दान म्हणून जाऊं लागल्या.

गाई त्याच, गोठा दोन वेळां बदलला. आप्तांच्या दारांतून राजाच्या दारांत, आणि राजाच्या दारांतून दानपात्राच्या दारांत. ज्याचा बाप मारला गेला त्याच्या घरीं एकहि गाय उरली नाहीं. पीडिताला खटल्याबाहेर काढण्याचें पाप केवळ इंग्रजांच्या माथीं मारणाऱ्यांनीं ह्या चतुर्थी विभक्तीच्या प्रवासाकडे पाहावें. दंड सरकारांत जमा होणें व पीडित उपाशी राहणें ही गोष्ट थेम्स नदीच्या कांठींच जन्मली असें नाहीं. आणि हेंहि लपवितां कामा नये कीं, आप्तांस गाई मिळत होत्या तेव्हांहि माणसाचें मोल वर्णावरून ठरत होतें. एकाच अपराधाबद्दल एकाच्या मुलांस हजार व दुसऱ्याच्या मुलांस दहा, ही व्यवस्था पुनः स्थापावी असें कोणीहि म्हणणार नाहीं. तेव्हां ‘पुनःस्थापना’ हा शब्दच टाकून द्यावा हें बरें.

माग आणि गांव

शास्त्र एकीकडे व चाल एकीकडे, असा आक्षेप येथें येईल. कोशांतून भरपाई देणारा राजा किती वेळां झाला हें स्मृतिग्रंथ सांगूं शकत नाहींत, हें खरें. पण एका बाबतींत शास्त्र व चाल ह्यांची गांठ पडलेली आम्हांस दिसते. याज्ञवल्क्यानें (२.२७१-२७२) चोरीची जबाबदारी अशी वाटून दिली आहे : चोर गांवाबाहेर गेल्याचा माग निघत नसेल तर गांवाच्या अधिपतीकडे, कुरणांत चोरी झाली असेल तर कुरणाच्या अधिकाऱ्याकडे, रस्त्यावर झाली असेल तर चोर धरण्यास नेमलेल्याकडे, आणि ज्या गांवाच्या शिवेंत ती झाली किंवा ज्या गांवीं पाऊल पोंचलें त्या गांवाकडे. मराठी अमलांतील माग काढण्याची व पुढील गांवच्या शिवेवर माग लावून देण्याची चाल ह्याहून निराळी नाहीं. ज्या गांवास माग पुढें लावून देतां आला नाहीं त्या गांवानें जबाब द्यावा, हें तिचें सूत्र. रामोशी, भिल्ल व जागले ह्यांजकडील राखणीचें काम व त्याबरोबरची जोखीम ह्यांचें वर्णन माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांच्या १८१९ च्या अहवालांतहि आढळतें.

ह्या चालीचा गुण असा कीं, चोर सांपडण्याची वाट पीडितास पाहावी लागत नसे. उत्तर देणारा कोणीतरी ठरलेला असे. दोषहि तितकाच मोठा. ज्यांनीं चोरी केली नाहीं अशा कुणब्यांवर वर्गणी बसे, व माग कोठें संपला हें ठरविणारा जो बलवान् असेल त्याच्या शिवेवर तो सहसा संपत नसे. शिवाय वतनाच्या कज्ज्यांत जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ व हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेण्याची सरकारची रीत प्रसिद्ध आहे. न्याय मिळालेल्या मनुष्यालाहि न्यायाची किंमत मोजावी लागे. विठ्ठल त्र्यंबक गुणे ह्यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील प्रबंध १९५३ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून महजर, निवाडपत्रें व सरकारी आज्ञापत्रें ह्यांच्या आधारें हा विषय अभ्यासण्याची वाट मोकळी झाली आहे. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, रुमालांतील निवाडा वाचतांना कोण जिंकला एवढ्यावर थांबूं नये. पैका कोणाकडून निघाला व कोणाच्या घरीं पोंचला, ही शेवटची ओळ अवश्य पाहावी. बहुधा ती दुमडीवर असते, व नक्कल करणारा नेमकी तीच सोडतो.

१८९८ पासून २०२३ पर्यंत

इंग्रजी अमलांत पीडित साक्षीदार झाला हें खरें, पण अगदीं निराधार झाला असें नव्हे. १८९८ च्या फौजदारी कायद्याच्या ५४५ व्या कलमान्वयें वसूल झालेल्या दंडांतून नुकसान भरून देण्याचा अधिकार न्यायालयास होता. मात्र दंड झाला तर भरपाई, आणि तीहि न्यायालयाच्या मर्जीवर. विधि आयोगाच्या १९६९ च्या एकेचाळिसाव्या अहवालानंतर १९७३ च्या कायद्यांत ३५७ वें कलम आलें. त्यानें दंडाची शिक्षा नसतांहि आरोपीकडून भरपाई देवविण्याची सोय केली. पण ती क्वचितच वापरली जाई. इतकी कीं, २०१३ सालीं महाराष्ट्रांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयास असें सांगावें लागलें कीं, भरपाई द्यावयाची कीं नाहीं ह्याचा विचार करणें प्रत्येक फौजदारी न्यायालयाचें कर्तव्य असून त्याचीं कारणें नमूद केलीं पाहिजेत.

खरा पालट २००९ च्या दुरुस्तीनें झाला. ती ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली. तिनें ‘पीडित’ शब्दाची व्याख्या प्रथम दिली, पीडितास निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क दिला, आणि ३५७-अ कलमानें प्रत्येक राज्यास भरपाईची योजना करण्यास सांगितलें. आरोपी निर्दोष सुटला किंवा गुन्हेगार सांपडलाच नाहीं तरी पीडितास मागणी करतां येईल, असें त्यांत होतें. विज्ञानेश्वराचा तिसरा पर्याय येथें कायद्याच्या पुस्तकांत आला. मात्र तो मिताक्षरेंतून आला नाहीं हेंहि खरें. ह्याच अपिलाच्या हक्कास पूर्वपरवानगीची अट नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें, व जामिनासह प्रत्येक टप्प्यावर पीडितास आपलें म्हणणें मांडण्याचा अधिकार असल्याचें २०२२ सालीं सांगितलें. तेव्हां २०२३ च्या संहितेनें जें ‘पुनः स्थापिलें’ म्हणतात त्याचा मोठा भाग आधीं चौदा वर्षें ग्रंथांत होताच.

नव्या संहितेचें पाठपरीक्षण

आतां संहितेकडे एक ग्रंथ म्हणून पाहूं. जुन्या पाठाशीं ताडून पाहतां तिच्यांत कांहीं सुधारलेले पाठ निःसंशय आहेत. जुन्या व्याख्येंत, ज्या कृत्याबद्दल ‘आरोपीवर आरोप ठेवला आहे’ त्या कृत्यानें हानि झालेला तो पीडित, असे शब्द होते. नव्या व्याख्येंतून (कलम २) ते गळाले आहेत. ही गळती लेखकप्रमादाची नसून हेतुपूर्वक केलेली व योग्य आहे. तिच्यामुळें आरोप ठेवण्यापूर्वींहि मनुष्य पीडित ठरतो. कलम १७३ प्रमाणें फिर्यादीची प्रत फिर्यादी किंवा पीडित ह्यास विनामूल्य मिळते. कलम १९३ प्रमाणें तपास कोठवर आला हें नव्वद दिवसांच्या आंत त्यास कळविलें पाहिजे. कलम ३६० प्रमाणें खटला काढून घेण्याची अनुज्ञा देण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे. भरपाईच्या योजनेचें कलम ३९६ असून अर्ज आल्यावर विधि सेवा प्राधिकरणानें दोन महिन्यांत चौकशी पुरी करावयाची आहे. कलम १०७ प्रमाणें अपराधांतून मिळविलेली मालमत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत पीडितांस वांटण्याची नवी तरतूद झाली आहे. ती मालमत्ता सरकारजमा होण्यापूर्वीं पीडिताचा विचार व्हावा, हें बौधायनाच्या ‘राज्ञे’ ह्या शब्दास दिलेलें उत्तर आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दोषस्थळेंहि तितकींच स्पष्ट आहेत. पहिलें असें कीं, कलम २३० प्रमाणें पोलिसांच्या अहवालाच्या प्रती पीडितास मिळावयाच्या त्या त्याच्या वतीनें वकील असेल तर. ज्याला वकील नाहीं त्यालाच कागदाची गरज अधिक, हें विधिकर्त्यांच्या लक्षांत आलें नाहीं काय? दुसरें, दंडांतून किंवा आरोपीकडून भरपाईचें कलम ३९५ अद्यापि ‘करूं शकेल’ ह्या क्रियापदावरच उभें आहे. याज्ञवल्क्याच्या ‘दाप्य’ शब्दांतील अवश्यकर्तव्यता त्याला नाहीं. तिसरें, कलम ४१३ मध्यें सुटका, कमी प्रतीच्या अपराधाबद्दल दोषसिद्धि व अपुरी भरपाई ह्या तिहींविरुद्ध पीडितास अपील आहे, पण शिक्षा अपुरी वाटल्यास नाहीं. ह्या तिसऱ्या गोष्टीस आम्ही दोष म्हणत नाहीं. शिक्षेचें माप पीडिताच्या हातीं दिलें म्हणजे न्याय पुन्हा वैरयातनेकडे वळण्याची भीति आहे, आणि आरोपीचेहि हक्क आहेत हें विसरून चालणार नाहीं. परंतु पहिल्या दोन दोषांस असें समर्थन सांपडत नाहीं.

चौथा दोष अक्षरांत नसून व्यवहारांत आहे. नव्वद दिवस व दोन महिने ह्या मुदती पाळल्या नाहींत तर काय, हें संहिता सांगत नाहीं. राजानें न दिल्यास त्यास पाप लागेल असें म्हणण्याची स्मृतिकारांस तरी सोय होती. अर्वाचीन विधिकर्त्यानें पापाचें भय काढून घेतलें व त्याच्या जागीं कांहींच ठेवलें नाहीं.

संग्राहकांसाठीं

लेखारंभीं जें कारण सांगावयाचें राखून ठेवलें तें हें. आमचे एक वृद्ध स्नेही आहेत. त्यांच्या वाड्यांतून कांहीं वर्षांपूर्वीं पोथ्यांचे दोन रुमाल चोरीस गेले. सुदैवानें चोर सांपडला व पोथ्याहि सांपडल्या. पण त्या ‘मुद्देमाल’ झाल्या. खटला चालेपर्यंत त्या एका सरकारी खोलींत लोखंडी सामान व जुन्या सायकली ह्यांच्या संगतींत राहिल्या. चार पावसाळे गेल्यावर त्या परत मिळाल्या तेव्हां एकींतील पानें वीट झालीं होतीं. सुटीं करतांना हातांत चुरा येई. स्नेही आम्हांस म्हणाले, “मास्तर, चोरानें नेल्या तेव्हां निदान त्या वाचतां येत होत्या.” ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

उत्तर कायद्यांत होतें, पण आम्हां दोघांस तें ठाऊक नव्हतें. जप्त माल पोलिसांकडे पंधरा दिवस ते एक महिना ह्यांहून अधिक ठेवूं नये, अशी सर्वोच्च न्यायालयाची आज्ञा २००२ सालापासून आहे. नव्या संहितेच्या कलम ४९७ प्रमाणें न्यायालयापुढें आणलेल्या मालाचें वर्णनपत्र चौदा दिवसांत करून त्याचें छायाचित्र किंवा चलच्चित्र घ्यावयाचें व त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम द्यावयाचा आहे. तें छायाचित्र खटल्यांत पुरावा म्हणून चालतें. मूळ वस्तु अडकवून ठेवण्याचें कारण उरत नाहीं. मात्र ह्यासाठीं धन्यानें अर्ज केला पाहिजे, व वस्तु आपली हें दाखवितां आलें पाहिजे. कौटिल्यानें चौथ्या अधिकरणांत, गांवीं मुक्काम करणाऱ्या व्यापाऱ्यांनीं आपला माल व त्याचें मोल आधीं कळवून राहावें, मग रात्रीं गेलेल्याची भरपाई ग्रामाधिपतीनें करावी, असें सांगितलें आहे. न नोंदलेल्या मालाची भरपाई मागतां येत नाहीं, हें त्यांतील व्यवहारज्ञान आजहि खरें आहे. पोथीचें नांव, पत्रसंख्या, लांबी-रुंदी, आरंभ, अंत व पुष्पिका ह्यांची यादी आणि पहिल्या-शेवटल्या पानांचें छायाचित्र ज्याच्या घरीं नाहीं त्याचा हक्क कायद्यांत असूनहि त्याच्या हातांत नाहीं. आमच्या संग्राहकांपैकीं किती जणांजवळ अशी यादी आहे?

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, कारण संग्राहक हा विकत घेणाराहि असतो. दुसऱ्यानें विकलेली आपली वस्तु धन्यास परत मिळते, असें सांगून याज्ञवल्क्य (२.१६८) लपूनछपून, हलक्या स्थितीच्या मनुष्याकडून, फार स्वस्तांत किंवा अवेळीं वस्तु घेणाऱ्यास चोरांतच गणतो. आणि दोनच श्लोक पुढें (२.१७०) त्यानें असा निवाडा दिला आहे कीं, घेणाऱ्यानें विकणारा दाखवून दिला म्हणजे तो शुद्ध, मग विकणाऱ्याकडून धन्यास वस्तु, राजास दंड व घेणाऱ्यास त्याची किंमत. तीन पक्ष, तीन देणीं, कोणीहि उपाशी नाहीं. नव्या संहितेच्या कलम ३९५ मध्येंहि चोरीचा माल शुद्ध बुद्धीनें विकत घेणाऱ्याची ती वस्तु धन्यास परत गेली तर त्यास दंडांतून भरपाई देण्याची सोय आहे. पण ती दोषसिद्धि झाली, दंड वसूल झाला व न्यायालयास वाटलें तर. बाजारांत रात्रीच्या वेळीं रद्दीच्या भावानें पोथी मिळाली म्हणून आनंद मानणाऱ्यानें हे दोन श्लोक डोळ्यांपुढें ठेवावे. प्रत्येक खरेदीची पावती व विकणाऱ्याचें नांव जपून ठेवणें हीच त्याची शुद्धि होय.

निष्कर्ष

एकंदर विचार करतां आमचा निर्णय असा. पीडितास देणें हें राजाचें कर्तव्य, ही कल्पना ह्या देशांत निदान गौतम, कौटिल्य व विज्ञानेश्वर ह्यांच्याइतकी जुनी आहे. तिला परकीय म्हणणें चूक. तेंच देणें राजाच्या व दानपात्राच्या हातीं जाण्याची वाटहि ह्याच देशांत तितकीच जुनी आहे. तिला परकीय म्हणणें त्याहून मोठी चूक. नवी संहिता ही ह्या दोन वाटांपैकीं पहिलीकडे थोडी अधिक वळली आहे, पण तिनें ‘करूं शकेल’ हें क्रियापद सोडलेलें नाहीं. प्राचीनांचा गौरव करावयाचा असेल तर त्यांचें वचन व्याख्यानांत सांगून तो होणार नाहीं. चार पावसाळे ज्याची पोथी खोलींत कुजली त्यास ती तीस दिवसांत परत मिळाली म्हणजे होईल. देय कोणास हा प्रश्न आपस्तंबानें अनुत्तरित ठेवला होता. त्याचें उत्तर प्रत्येक निवाड्याच्या शेवटच्या ओळींत लिहिलें जातें; ती ओळ वाचण्याची संवय आपण, ज्यांचें आयुष्य जुने निवाडे वाचण्यांत गेलें, त्यांनीं नव्या निवाड्यांसहि लावावी.